इराणी कलियान आणि दख्खनी हुक्का : अलंकृत जलपात्राचा प्रवास व मराठवाड्याचा वारसा

प्रस्तावना

मध्ययुगीन आणि उत्तर-मध्ययुगीन दख्खनच्या सांस्कृतिक इतिहासाचा विचार करताना राजवाडे, मशिदी, मकबरे आणि किल्ले यांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने जाते. त्या मानाने दैनंदिन वापरातील वस्तूंचा अभ्यास कमी झाला आहे. वस्तुतः एखादा कलाप्रकार एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात कसा गेला, वाटेत त्यात कोणते बदल झाले आणि ते का झाले, याचा पुरावा भव्य वास्तूंपेक्षा हाताळण्यातल्या वस्तू अनेकदा अधिक स्पष्टपणे देतात. हुक्का ही अशीच एक वस्तू होय.

तंबाखूचा धूर पाण्यातून गाळून ओढण्याच्या या साधनास इराणमध्ये 'कलियान' म्हणतात. कलियानचे पाण्याचे पात्र इराणी कुंभारांनी १७ व्या शतकात पांढऱ्या-निळ्या, नक्षीदार मृत्तिकेत घडविले. आज जगातील प्रमुख संग्रहालयांत ही पात्रे सफवी कलेचे नमुने म्हणून जतन केलेली आहेत. त्याच काळात दख्खनमध्येही हुक्का दरबारी जीवनाचा भाग झाला. परंतु येथील कारागिरांनी त्याचे पात्र प्रामुख्याने मातीत न घडविता धातूत घडविले. बिदरी हुक्का हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप. एकाच वस्तूने दोन प्रदेशांत दोन भिन्न माध्यमे का स्वीकारली, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ कलेच्या इतिहासापुरता मर्यादित नाही. मराठवाड्यातील कलावारशाचे वर्णन करताना 'इराणी प्रभाव' हा शब्द फार सहजतेने वापरला जातो. प्रभाव म्हटले की एक देणारा व दुसरा घेणारा असे गृहीत धरले जाते. हुक्क्याचा इतिहास तपासला असता हे गृहीतक टिकत नाही, असे दिसून येते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) कलियानच्या नावाचा व आकाराचा उगम तपासणे.
२) सफवी काळातील अलंकृत मृत्तिका-पात्रांचे तंत्र व त्यांच्या प्रसाराची कारणे समजून घेणे.
३) दख्खनमध्ये हुक्क्याचे पात्र मातीऐवजी धातूत का घडले, याची कारणमीमांसा करणे.
४) हिंगोली परिसराच्या संदर्भात या वारशाच्या जतनाचा विचार मांडणे.

नाव आणि आकार : नारिकेल व कुंडिका

'कलियान' हा शब्द उकळणे, बुडबुडणे या अर्थाच्या अरबी धातूशी संबंधित आहे. पाण्यातून धूर जाताना होणाऱ्या आवाजावरून वस्तूला हे नाव पडले. मराठीतील 'गुडगुडी' हे नावही नेमके याच आवाजावरून आले आहे. 'हुक्का' हा शब्द डबी किंवा छोटे पात्र या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला. म्हणजे एका भाषेने आवाजावरून नाव दिले, तर दुसऱ्या भाषेने पात्रावरून.

पश्चिम आशियात व तुर्कस्थानात प्रचलित असलेले 'नर्गिले' हे तिसरे नाव अधिक बोलके आहे. फारसीतील 'नारगिल' म्हणजे नारळ. आणि हा शब्द संस्कृत 'नारिकेल' या शब्दावरून फारसीत गेला. पाण्याचे पात्र म्हणून नारळाची करवंटी वापरण्याची पद्धत भारताच्या अनेक भागांत होती. नारळ हे इराणच्या पठाराचे पीक नव्हे. तेव्हा ज्या वस्तूचे नावच नारळावरून पडले, त्या वस्तूच्या जडणघडणीत हिंदी महासागराच्या किनाऱ्यांचा वाटा होता, असे अनुमान करणे योग्य ठरते.

आकाराच्या बाबतीतही असाच धागा सापडतो. सफवी काळातील अनेक मृत्तिका-कलियानांचा आकार 'केंडी' या पात्रासारखा आहे. केंडी म्हणजे उभी मान आणि कुशीला फुगीर तोटी असलेले, मुठीचा कान नसलेले जलपात्र. आग्नेय आशियात ते पिण्याच्या पाण्यासाठी वापरले जाई आणि चिनी कुंभार ते निर्यातीसाठी मोठ्या प्रमाणावर बनवीत. 'केंडी' हे मलय नाव संस्कृत 'कुंडिका' या शब्दापासून आले आहे. बौद्ध व ब्राह्मणी परंपरेतील भिक्षू आणि तपस्वी जे जलपात्र बाळगीत, तीच ही कुंडिका. भारतातून आग्नेय आशियात, तेथून चिनी भट्ट्यांत आणि चिनी मालाबरोबर इराणमध्ये, असा या आकाराचा प्रवास झाला. इराणात पोहोचल्यावर त्याचा उपयोग मात्र बदलला. मानेत चिलीम धरणारा उभा दांडा बसविण्यात आला आणि कुशीच्या तोटीत धूर ओढण्याची वेताची नळी. पाणी ओतण्याची तोटी धूर ओढण्याची वाट झाली.

म्हणजेच इराणी कलेचा नमुना मानल्या जाणाऱ्या या वस्तूच्या एका नावामागे आणि एका प्रमुख आकारामागे दोन संस्कृत शब्द उभे आहेत. यावरून हुक्का 'भारतीय' ठरतो असे नाही. ही वस्तू कोणा एका देशाची नसून सागरी व्यापाराच्या देवघेवीतून घडली, एवढाच त्याचा अर्थ.

सफवी इराणमधील अलंकृत मृत्तिका

इराणी कुंभारांपुढे एक जुनी अडचण होती. चीनमध्ये अस्सल चिनीमातीची भांडी ज्या विशिष्ट पांढऱ्या मातीपासून आणि अतिउच्च तापमानात बनत, ती माती व ती भट्टी इराणात उपलब्ध नव्हती. त्यावर इराणी कारागिरांनी कृत्रिम मिश्रणाचा उपाय काढला होता. काशान येथील कुंभार घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या मिश्रणाचे प्रमाण दिले आहे. गारगोटीची पूड दहा भाग, काचेची भुकटी एक भाग आणि पांढरी माती एक भाग. या मिश्रणाचे पात्र भाजल्यावर पांढरे व कठीण होते. त्यावर कोबाल्टच्या निळ्या रंगाने चित्रे काढून वर पारदर्शक काचेरी झिलई दिली, की चिनी पात्राचा भास निर्माण होतो. काशानजवळील कमसर हे कोबाल्टसाठी प्रसिद्ध होते. यातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा रंगही प्रारंभी इराणी कोबाल्टवर अवलंबून होता. इराणने रंग पाठविला आणि चीनने त्या रंगातले पात्र परत पाठविले.

शहा अब्बास पहिला याने १६११ मध्ये अर्दबील येथील आपल्या पूर्वजांच्या दर्ग्यास हजाराहून अधिक चिनी पात्रे अर्पण केली. यावरून दरबारी अभिरुचीत चिनी मालाचे स्थान कळून येते. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली आणि चीनमधील अशांततेमुळे भांड्यांची निर्यात विस्कळीत झाली. डच ईस्ट इंडिया कंपनीने पर्यायी माल शोधण्यास सुरुवात केली. त्यातून जपानमधील आरिता आणि इराणमधील किरमान येथील भट्ट्यांना मोठी मागणी आली. किरमान व मशहद ही सफवी मृत्तिकाकलेची प्रमुख केंद्रे होत. १७ व्या शतकात इराणमध्ये राहिलेला फ्रेंच प्रवासी शार्दाँ यानेही किरमान, मशहद, यझ्द व शिराझ येथील मृत्पात्रांची प्रशंसा केली आहे.

कलियानचे पात्र ही या भट्ट्यांची एक महत्त्वाची निर्मिती होती. त्यावर चिनी धर्तीचे देखावे, पाणपक्षी, मेघ, कमळे आणि इराणी वेलबुट्टी यांचे मिश्रण आढळते. किरमानच्या पात्रांवर निळ्याबरोबर तांबूस व हिरव्या रंगाचे पट्टेही दिसतात. धूम्रपान ही मंडळींत बसून, हळूहळू करावयाची क्रिया असल्यामुळे पात्र सर्वांच्या मध्यभागी, सर्व बाजूंनी पाहिले जाई. त्यामुळे ते सर्व अंगांनी सजविण्याची आवश्यकता निर्माण झाली. तांब्या किंवा सुरई वापरून झाल्यावर बाजूला ठेवली जाते. कलियान मात्र बैठक संपेपर्यंत नजरेसमोर राहतो. अलंकरणाचे मूळ या सामाजिक उपयोगात आहे.

इराणी समाजात कलियानचे स्थान किती खोलवर होते, हे पुढे १८९१-९२ च्या तंबाखू आंदोलनात दिसून आले. तंबाखूचा मक्ता १८९० मध्ये एका ब्रिटिश व्यक्तीस देण्यात आला, तेव्हा मिर्झा शिराझी यांच्या नावाने निघालेल्या फतव्यानुसार लोकांनी धूम्रपानच सोडून दिले आणि १८९२ च्या प्रारंभी शहास मक्ता रद्द करावा लागला.

तंबाखूची वाट : विजापूर, पैठण, आग्रा

हुक्क्याचा शोध अकबराच्या दरबारातील इराणी वैद्य हकीम अबुल फतह गिलानी यांनी लावला, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. कालक्रम तपासला असता या विधानात अडचण निर्माण होते. अबुल फतह यांचा मृत्यू १५८९ च्या सुमारास झाला, तर अकबराच्या दरबारात तंबाखू प्रथम पोहोचल्याची प्रसिद्ध नोंद १६०४ च्या सुमाराची आहे. दुसरीकडे, १५३५ मध्ये मृत्यू पावलेल्या अहली शिराझी या कवीच्या नावावरील एका रुबाईत कलियानचा उल्लेख आढळतो; परंतु त्या रचनेच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अर्थात, शोधाचे श्रेय एका व्यक्तीस देणे पुराव्यास धरून होत नाही.

निश्चित पुरावा आहे तो दख्खनचा. अकबराचा अधिकारी असद बेग याला विजापूरला पाठविण्यात आले होते. शहाजादा दानियाल आणि विजापूरच्या आदिलशाही राजकन्येच्या विवाहासाठी वधूची मिरवणूक घेऊन येणे हा त्या मोहिमेचा भाग होता. हा विवाह १६०४ मध्ये गोदावरीकाठी पैठण येथे झाला आणि इतिहासकार फिरिश्ता वधूबरोबर तेथपर्यंत आला होता. असद बेगने विजापुरात तंबाखू पाहिली, ती सोबत घेतली आणि रत्नजडित धूम्रनलिकेसह ती आग्र्यास अकबरापुढे सादर केली. बादशहाने एक-दोन झुरके घेतले. हकीम अली यांनी वैद्यकीय ग्रंथांत या वनस्पतीचा उल्लेख नसल्याचे सांगून विरोध केला. असद बेगने प्रत्येक प्रथा कधीतरी नवीनच असते असा युक्तिवाद केला. अकबराने स्वतः ही सवय स्वीकारली नाही, पण उमरावांत ती झपाट्याने पसरली. असद बेगच्या वृत्तांतात नळी, मुखनलिका आणि निखाऱ्याचे पात्र यांचे वर्णन आहे, जलपात्राचे नाही. म्हणून तो पूर्ण हुक्का होता असे ठामपणे म्हणता येत नाही. तथापि पोर्तुगीज व्यापारातून पश्चिम किनाऱ्यावर आलेली तंबाखू आधी दख्खनच्या दरबारात रुळली व नंतर उत्तरेस गेली, हा क्रम या वृत्तांतातून सिद्ध होतो.

पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूबंदीचा हुकूम काढला. शहा अब्बासनेही इराणात बंदी घातली होती. जहांगीराचा वकील खान आलम हा इराणच्या दरबारात असताना त्याचे तंबाखूचे व्यसन पाहून शहाने त्यास अपवाद म्हणून सवलत दिल्याचे जहांगीराच्या आत्मचरित्रात नमूद आहे. दोन्ही बंद्या फार काळ टिकल्या नाहीत.

दख्खनमधील चकचकीत मृत्तिका : भिंतीवरची, हातातली नव्हे

दख्खनमध्ये इराणी मृत्तिकाकला पोहोचलीच नव्हती, म्हणून येथे मातीचा हुक्का घडला नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. बिदर येथील महमूद गवान यांची मदरसा ही १४७२ मध्ये पूर्ण झालेली वास्तू रंगीत झिलईच्या फरशांनी मढविलेली होती. महमूद गवान हे इराणच्या गिलान प्रांतातून आलेले. १६९६ मधील स्फोटात वास्तूचा मोठा भाग कोसळला, तरी उरलेल्या भिंतींवरील फरशांवरून मूळ वैभवाची कल्पना येते. मराठवाड्यातच पाहावयाचे तर दौलताबाद किल्ल्यातील १५ व्या शतकातील चांद मिनारावर झिलईच्या फरशांचे काम होते. त्याच किल्ल्यातील चिनी महालास तर निळ्या-पांढऱ्या फरशांवरूनच नाव मिळाले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह यास १६८७ नंतर येथेच कैदेत ठेवण्यात आले होते.

म्हणजे झिलईचे तंत्र, रंग आणि कारागीर या तिन्ही गोष्टी दख्खनमध्ये तंबाखू येण्यापूर्वीच पोहोचल्या होत्या. तरीही हे तंत्र भिंतीवर राहिले. भांड्यात उतरले नाही. ते का, याची कारणे पुढीलप्रमाणे मांडता येतात.

माती की धातू : कारणमीमांसा

पहिले कारण कच्च्या मालाचे व कौशल्याचे. काळ्या पाषाणाच्या झिजेतून तयार झालेली दख्खनची काळी माती पांढऱ्या पात्रास उपयोगी नाही. येथील कुंभार कमी तापमानात भाजलेली, सच्छिद्र, लाल वा काळी भांडी घडवीत. पाणी गार ठेवण्यासाठी हीच भांडी योग्य होती. त्यामुळे घरगुती वापरात झिलईची गरज भासली नाही. फरशांचे काम राजाश्रयावर अवलंबून होते. बहमनी सत्तेच्या विघटनानंतर तो आश्रय आटला आणि त्या कौशल्याचे रूपांतर स्थानिक कुंभारकामात झाले नाही.

दुसरे कारण सामाजिक आहे. हिंदू समाजातील शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांनुसार उष्टे वा बाटलेले मातीचे भांडे पुन्हा वापरता येत नसे. धातूचे भांडे मात्र घासून, तापवून शुद्ध करता येई. त्यामुळे मातीचे भांडे स्वस्त व टाकाऊ आणि धातूचे भांडे मौल्यवान व टिकाऊ अशी वाटणी झाली. ज्या वस्तूला तोंड लावावयाचे ती वस्तू मातीत घडवून तिच्यावर मेहनतीची नक्षी काढण्यास येथे वाव नव्हता. दरबारी मुस्लिम उमरावांना हा नियम लागू नव्हता, हे खरे. परंतु ज्या कारागीर समाजातून वस्तू निर्माण होत, त्याच्या मूल्यव्यवस्थेत माती खालच्या पायरीवर होती.

तिसरे कारण राजकीय व व्यावहारिक. १७ व्या शतकातील दख्खन हा सततच्या मोहिमांचा प्रदेश होता. औरंगजेबाची छावणी तर १६८२ पासून १७०७ पर्यंत दख्खनमध्येच फिरत राहिली. उंट व बैलांच्या पाठीवरून वाहून न्यावयाच्या सामानात ठिसूळ पात्रापेक्षा धातूचे पात्र अधिक सोयीचे होते.

चौथे कारण म्हणजे समर्थ पर्यायाची उपलब्धता. भारतात जस्ताचे ज्ञान जुने होते. राजस्थानातील जावर येथे ऊर्ध्वपातनाने जस्त काढण्याची पद्धत मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर चालत होती. जस्त हा मुख्य घटक असलेली बिदरी मिश्रधातू पांढऱ्या मृत्तिकेच्या नेमकी उलट आहे. तेथे पांढऱ्या पृष्ठावर गडद निळी नक्षी, येथे काळ्याभोर पृष्ठावर पांढरी चांदी. प्रकाश-छायेचा विरोध हे दोन्हींचे समान सौंदर्यतत्त्व आहे. केवळ पार्श्वभूमी व नक्षी यांची अदलाबदल झाली. नक्षीतील अफूची फुले, सरूची झाडे, वेली व मेघाकृती या इराणी व मुघल परंपरेशी नाते सांगतात. त्यामुळे बिदरी हुक्का हा मृत्तिका-कलियानची नक्कल नसून त्याच कल्पनेचे दख्खनी भाषेत केलेले स्वतंत्र विधान होय.

बिदरी हुक्क्याची घडण

बिदरी वस्तू जस्ताच्या मिश्रधातूतून ओतली जाते. त्यात तांब्याचे प्रमाण अल्प असते. ओतीव वस्तू घासून गुळगुळीत केल्यावर तिच्यावर मोरचुदाचे पाणी लावून तात्पुरता काळा रंग आणला जातो, म्हणजे कोरीव रेघ स्पष्ट दिसते. त्यानंतर कलमाने नक्षी खोदून त्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसविला जातो. तारेच्या कामास तारकशी आणि पत्र्याच्या कामास तहनिशान म्हणतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील जुन्या भागांतून आणलेली माती व नवसागर यांच्या द्रावणात वस्तू घातली जाते. यामुळे जस्ताचा पृष्ठभाग कायमचा काळा होतो, चांदीवर मात्र परिणाम होत नाही. शेवटचा हात तेलाचा.

आकाराचा बदलही अभ्यसनीय आहे. १७ व्या शतकातील बिदरी जलपात्रे बहुधा गोल आहेत. ती स्वतः उभी राहू शकत नाहीत, म्हणून चुंबळीसारख्या कड्यावर ठेवावी लागत. नारळाच्या गोलाईचे स्मरण या आकारात जाणवते. १८ व्या शतकाच्या मध्यापासून सपाट तळाचा घंटाकृती आकार रूढ झाला. इराणी केंडी-कलियानात कुशीची तोटी असते. दख्खनी पात्रात ती नाही. चिलमीचा दांडा व ओढण्याची नळी या दोन्ही वरच्या मानेतूनच आत जातात. त्यामुळे पात्राचे पूर्ण पोट अखंड राहते व नक्षीला सलग पृष्ठ मिळते. जडावकाम करणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने ही मोठी सोय होती.

१८५१ च्या लंडन येथील जागतिक प्रदर्शनात बिदरी वस्तू मांडल्या गेल्या आणि युरोपीय संग्रहालयांनी त्या विकत घेतल्या. इराणी मृत्तिकेच्या बाबतीतही असेच घडले. इराणमधील तारखात्याचा ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट मर्डोक स्मिथ याने १८७० च्या दशकापासून लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयासाठी मोठा संग्रह जमविला. एकाच शतकात, एकाच शहरात कलियान व बिदरी हुक्का ही दोन्ही भावंडे वेगवेगळ्या दालनांत, 'इराण' आणि 'भारत' अशा भिन्न पाट्यांखाली जाऊन बसली. त्यांचे परस्परनाते दृष्टिआड होण्यास ही विभागणी बऱ्याच अंशी कारणीभूत झाली.

हिंगोली परिसर : भाषेत व मातीत उरलेला पुरावा

मुघल काळात पाथरी व वाशीम ही सरकारे वऱ्हाड सुभ्यात मोडत आणि आजचा हिंगोली परिसर या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येतो. पुढे हा प्रदेश निजामाच्या अमलाखाली आला. १९ व्या शतकात हिंगोली हे निजामाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांखालील फौजेचे, म्हणजे पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखल्या गेलेल्या सैन्याचे, एक महत्त्वाचे ठाणे होते. १८३९ मध्ये ठगांवरील प्रसिद्ध कादंबरी लिहिणारे फिलिप मेडोज टेलर हेही काही काळ हिंगोलीच्या छावणीत होते. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकापर्यंत फारसी ही राज्यकारभाराची भाषा होती. छावणी, कचेरी व बाजार यांतून फारसी-अरबी शब्द येथील मराठीत रुजले. हुक्का, चिलीम, हुक्केबरदार हे शब्द त्यांपैकीच. इराणात कलियानच्या जलपात्रास 'कूझा' म्हणतात. मराठीतील 'कुजा' हा पाण्याच्या भांड्याचा वाचक शब्द त्याच कुळातला.

तथापि बिदरी हुक्का ही उमराव, जहागीरदार व देशमुखांच्या ऐपतीची वस्तू होती. सामान्य शेतकऱ्याच्या हाती होती ती कुंभाराने घडविलेली मातीची चिलीम. तिच्यात खडा टाकायचा, तंबाखू भरायची, निखारा ठेवायचा आणि ओली छापी गुंडाळून झुरका घ्यायचा, ही रीत ग्रामीण मराठवाड्यात दीर्घकाळ चालत आली. बिदरी हुक्क्याच्या शिरावर बसणारे निखाऱ्याचे पात्रही चिलीमच. म्हणजे राजवाड्यातील व शेताच्या बांधावरील धूम्रपानास जोडणारा समान घटक मातीचा, कुंभाराच्या चाकावरचा आहे.

येथेच इतिहासलेखनातील एक गंभीर उणीव समोर येते. धातूचे पात्र टिकते, संग्रहालयात जाते, त्याचा अभ्यास होतो. मातीची चिलीम फुटते, उकिरड्यावर जाते आणि तिच्याबरोबर तिचा इतिहासही नाहीसा होतो. दख्खनमध्ये 'मृत्तिकेचा हुक्का नव्हता' हे विधान त्यामुळे सावधपणे करावे लागते. अलंकृत, झिलईचा हुक्का येथे रुळला नाही. परंतु धूम्रपानातील मातीचा वाटा कधीच संपला नव्हता. तो केवळ कलेच्या व्याख्येत बसविला गेला नाही.

दुसरी उणीव प्रशासकीय सीमांमुळे निर्माण झाली. १९४८ पर्यंत बिदर आणि हिंगोली एकाच हैदराबाद संस्थानात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बिदर तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. बिदरी कलेस २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण त्याचबरोबर बिदरी ही शेजारच्या राज्याची कला, आपला तिच्याशी संबंध नाही, अशी समजूत मराठवाड्यात दृढ होऊ नये. ज्यांच्या मागणीवर ही कला जगली ते ग्राहक केवळ बिदर शहरात नव्हते. ते संस्थानभर विखुरलेले होते. औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, येथे बिदरीचे काम करणारे कारागीर आहेत, हेही याच एकसंध प्रदेशाचे अवशिष्ट चिन्ह होय.

वारसा आणि व्यसन

हुक्क्याच्या अभ्यासासमोर एक नैतिक प्रश्नही उभा राहतो. तंबाखूचे दुष्परिणाम आज निर्विवाद आहेत. पाण्यातून गेल्याने धूर निरुपद्रवी होतो, ही जुनी समजूत वैद्यकशास्त्राने खोटी ठरविली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतील कमला मिल आवारात लागलेल्या भीषण आगीनंतर महाराष्ट्रात २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घालण्यात आली. अशा परिस्थितीत हुक्क्याची कलात्मकता सांगणे म्हणजे व्यसनाचे उदात्तीकरण नव्हे काय, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो.

या आक्षेपाचे उत्तर वस्तू व सवय यांत भेद करण्यात आहे. तलवारीचा अभ्यास करणारा युद्धाचा पुरस्कर्ता ठरत नाही. उलट, घरोघरी उरलेली जुनी जलपात्रे लाजेपोटी किंवा निरुपयोगी म्हणून मोडीत जातात, तेव्हा त्यांच्यातील जस्त-चांदीचे चार पैसे मिळतात आणि तीन शतकांच्या कारागिरीचा पुरावा वितळून जातो. सवय संपावी, पण पुरावा उरावा, ही भूमिका इतिहासाच्या विद्यार्थ्याने घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१) हुक्क्याचा उगम एका व्यक्तीकडे किंवा एका देशाकडे नेता येत नाही. 'नर्गिले' हे नाव व 'केंडी' हा आकार यांतून भारतीय, आग्नेय आशियाई, चिनी व इराणी घटकांची सरमिसळ सिद्ध होते.

२) सफवी इराणमधील अलंकृत मृत्तिका-कलियान हा स्थानिक तंत्रज्ञान, चिनी अभिरुची आणि १७ व्या शतकातील निर्यातव्यापार यांचा संयुक्त परिणाम होता.

३) दख्खनमध्ये झिलईचे तंत्र उपलब्ध असूनही हुक्का प्रामुख्याने धातूत घडला. मातीचे स्वरूप, राजाश्रयाचा लोप, शुद्धाशुद्धतेच्या कल्पना, छावणीचे जीवन व जस्ताचे ज्ञान ही त्यामागील प्रमुख कारणे होत. हा बदल अनुकरणातील अपयश नसून जाणीवपूर्वक केलेली निवड होती.

४) 'इराणी प्रभाव' या संज्ञेऐवजी 'देवघेव' ही संज्ञा मराठवाड्याच्या कलेतिहासास अधिक न्याय देणारी आहे.

५) मातीच्या चिलमी, त्यांचे आकार, त्या घडविणारी कुंभार घराणी आणि त्यांच्याशी निगडित शब्दसंपदा यांची गावनिहाय नोंद हिंगोली जिल्ह्याच्या हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव या पाचही तालुक्यांत होणे निकडीचे आहे. चिलीम ओढणारी आणि घडविणारी पिढी आता वयोवृद्ध झाली आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून ही नोंद हाती घेतल्यास, संग्रहालयाच्या काचेआड कधीच न पोहोचलेल्या एका वस्तूस इतिहासात तिचे स्थान मिळू शकेल.